'वनराज'चं नवं इंजिन

एका जंगलात, मुलांनो, प्राण्यांची स्वतःची मोटार होती. सिंहमहाराजांच्या आजोबांनी तिचा कारखाना काढला होता. मोटारीचं नाव 'वनराज'. दुसरी मोटार जंगलात मिळतच नसे, त्यामुळे 'वनराज' फार लोकप्रिय होती. पिल्लू जन्मलं की आधी गाडीसाठी नंबर लावत, मग बारसं करत.

दर काही वर्षांनी नवं मॉडेल निघे. 'वनराज दोन'ला गोल दिव्यांऐवजी चौकोनी दिवे आले. 'वनराज तीन'ला पुन्हा गोल आले. 'वनराज चार'ची पुढची जाळी बदलली. इंजिन मात्र तेच, आजोबांनी नदीपलीकडच्या जंगलातून आणलेल्या बनावटीचं. त्या जंगलाने ते कधीच टाकून दिलं होतं. काळदरीच्या घाटात ते हमखास तापायचं. मग चालक बॉनेट उघडून पाणी ओतत आणि वाफ जिरेपर्यंत जेवून घेत.

कारखान्याच्या इंजिन विभागाची प्रमुख साळूबाई होती. जातीने साळिंदर, स्वभावाने चिवट. तिने नवं इंजिन करायला घेतलं. अकरा वर्षं लागली. चार वेळा पिस्टन वितळले. साळूबाईला चष्मा लागला. शेवटी एका सकाळी इंजिन सुरू झालं आणि तिला ते कळलंच नाही, इतकं ते शांत होतं. तिने वर पंजा ठेवला तेव्हा आतली थरथर जाणवली. बराच वेळ तिने पंजा काढला नाही.

चाचणीला महाराज स्वतः बसले. गाडी एका दमात घाट चढली. साळूबाई मागच्या सीटवर काटे आवरून बसली होती.

"बाई, आवाज का येत नाही?" महाराजांनी विचारलं.

"इंजिन चांगलं आहे म्हणून, महाराज."

"अहो, पण आम्ही येतोय हे प्रजेला कळायचं कसं? आज एका सशानेही वाट सोडली नाही."

शेजारी बसलेले कारखान्याचे संचालक, तरससाहेब, हसले. महाराज बोलले की ते आधी हसत, मग विचार करत. त्यांनी समिती नेमली. समितीने ठरवलं, नवं इंजिन पुढे ठेवायचं आणि जुनं डिकीत बसवायचं. नवं ओढेल, जुनं गर्जेल.

"साहेब, जुनं इंजिन रानगव्याएवढं जड आहे," साळूबाई म्हणाली. "नव्यावर भार पडेल."

"बाई, जुन्याजाणत्यांना भार म्हणू नये."

'वनराज पाच' वाजतगाजत निघाली आणि घाटाच्या मध्यावर थांबली. समिती पुन्हा बसली. अहवाल आला : नव्या इंजिनात दम नाही, ते काढून जुनंच पुढे बसवावं. खाली साळूबाईची सही हवी होती.

"हे खोटं आहे. मी सही करणार नाही."

"नका करू," तरससाहेब शांतपणे म्हणाले. "विभाग बंद करू. तुमच्या हाताखालची चौदा साळिंदरं घरी बसतील."

साळूबाईने अहवाल दोनदा वाचला. मग सही केली. त्यानंतर तिचे काटे गळू लागले, असं शेजारपाजारचे सांगतात.

'वनराज सहा' आली. दिवे चौकोनी. महाराज घाटात निघाले आणि गाडी तापून बंद पडली. कारखाना सुटल्यावर साळूबाई त्याच वाटेने पायी घरी चालली होती. हरणं, ससे आधीच गाडी ढकलत होते.

"बरं झालं आलात, बाई," तरससाहेब काच खाली करून म्हणाले. "मागून जरा जोर लावा."

साळूबाईने हातातला डबा दगडावर ठेवला आणि खांदा लावला. गाडी हलली. इंच इंच करत माथ्यावर पोचली.

महाराजांनी बाहेर डोकावून पाहिलं. "बघितलंत? चढली ना शेवटी. उगाच नव्याचा हट्ट धरला होता तुम्ही."

तरससाहेब हसले. साळूबाईला दम लागला होता. डबा खालीच राहिला होता, तो आणायला ती घाट उतरू लागली.

तात्पर्य : इंजिन परकं असलं तरी बिघडत नाही. ढकलणारे तेवढे स्वदेशी असावेत.