राजा मेला, पहारा चालू

“बाबांना पहाऱ्यावर बसवू नकोस,” नवरा सकाळी बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला होता. “बाकी काहीही दे. त्यांना पहारा संपवता येत नाही.”

मी हसले. कॉलेजपासून आठ वर्षं मी ढाल-तलवारवाली होऊन पटावर राक्षस कापतेय. गेले अकरा महिने एक बाळ सांभाळतेय, तेही दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघत. मग निवृत्त पीटी मास्तर असलेले एक सासरे दुपारभर सांभाळायचे, त्यात काय मोठंसं!

मंडळी, बरंच मोठं होतं.

प्रकरण असं. माझ्या नणंदेने, म्हणजे चिंगीने, आमच्या खेळासाठी तीन नव्या जातींचे योद्धे तयार केले होते. दोन वर्षं खपून. खेळ साधा आहे. एक जण गोष्ट रचतो आणि राक्षस चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. चिंगीचे योद्धे खेळाच्या नव्या पुस्तकात छापले जाणार होते, पण अट होती. दुसऱ्या कोणीतरी ते खेळून पाहायचे, त्यात एक जण या खेळात अगदी कोरा हवा, आणि कोण फार बलवान, कोण फार दुबळा, असा अभिप्राय मुदतीत पाठवायचा. बाळाच्या सर्दीपायी मी तीनदा तारीख पुढे ढकलली होती. त्यामुळे आज शेवटचा दिवस, वेळ सहापर्यंत, आणि फॉर्म माझ्या फोनवर. कोरा माणूस म्हणजे बाबा.

पट आम्ही झोपायच्या खोलीतच मांडला, कारण पाळणा तिथे आणि मी पाळण्यापासून चार हातांपलीकडे जात नाही. दोन वाजता बाळ झोपलं.

पहिला योद्धा ‘घायाळ’. याला जितकं लागेल तितका हा चेकाळतो. मी तो खेळले. तिसऱ्या फेरीत त्याने चार राक्षस लोळवले आणि चौथ्या फेरीत आनंदाने मेला. मी लिहिलं, बळ ठीक, अक्कल कमी.

दुसरा ‘शिंगाड्या’. याने शिंग फुंकलं की बाकीच्यांना दुप्पट जोर चढतो. तो बाबांना दिला. चिंगीने समजावलं, बाबा, तोंडाने नुसतं ‘फुंकलं’ म्हणायचं. बाबांनी मान डोलावली, सदऱ्यात हात घातला आणि छत्तीस वर्षं मैदानं गाजवलेली शिटी काढून फुंकली.

वरच्या मजल्यावरचं कोणीतरी धावत गॅलरीत आलं. बाळाने जो सूर लावला तो उतरायला तास गेला. तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना मी एका हाताने लिहिलं, शिंगाड्या, फार बलवान.

पाच वाजत आले होते. उरला तिसरा, ‘पहारेकरी’. चिंगीचा जीव या तिसऱ्यात होता. नियम एका ओळीचा. ज्याने पहाऱ्यावर नेमलं त्याने सोडवल्याशिवाय हा जागा सोडत नाही, आणि तोवर त्याच्या पाठीमागच्या कोणालाही इजा होत नाही.

सकाळचं वाक्य मला आठवलं. पण माझ्या मांडीवर बाळ, चिंगीकडे राजा आणि राक्षस दोन्ही. पहारेकरी व्हायला घरात उरलं कोण?

बाबांना पटावरचे चौकोन काही केल्या उमजेनात. शेवटी चिंगी म्हणाली, “हे खोलीचं दार म्हणजे बोगद्याचं तोंड समजा. तुम्ही इथे. वहिनी आणि छोटी तुमच्या पाठीमागे. राक्षस बाहेर.” तिने राजाच्या आवाजात त्यांची नेमणूकही केली. बाबांचा चेहरा मी इतका उजळलेला निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची उचलली, उंबऱ्यात आडवी ठेवली आणि छाती काढून बसले.

पहिल्याच फेरीत चिंगीच्या राक्षसाला फाशावर वीस पडले आणि तिचाच राजा जागीच ठार झाला. “असू दे,” म्हणाली, “तुम्ही पुढची खेळी ठरवा, मी चहा टाकते.” ती बाबांच्या गुडघ्यांवरून उडी मारून बाहेर गेली.

मी बाळाला पाळण्यात ठेवलं. नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. पाळण्याशेजारी भिंतीला टेकले. दारात बाबांची रुंद पाठ दिसत होती, आणि मला आठवतंय, मी मनाशी म्हटलं, आता या दारातून काही म्हणजे काही आत येऊ शकत नाही.

पुढचं मला आठवत नाही. पुढचं मला चिंगीने ऐकवलंय. अनेकदा.

ती चहा घेऊन आली तर बाबांनी हात आडवा केला.

“बाबा, खेळ थांबलाय. मला आत येऊ द्या.”

“राजाला बोलाव. तो सोडवेल.”

“राजा मेला ना! मीच नाही का मारला?”

“हे स्वतः कबूल करतेस,” बाबा म्हणाले, “आणि वर आत सोड म्हणतेस?”

तिने फोन लावला. बाळ झोपलं की मी फोनचा आवाज बंद करते. तिने हाक मारली, तर बाबांनी ओठांवर बोट ठेवून मागे दाखवलं. दोघी झोपल्या होत्या. चिंगी रडकुंडीला आली. सहाला वीस मिनिटं आहेत, माझी दोन वर्षं पाण्यात जातील, मी तुमची पोटची मुलगी आहे, असं सगळं सांगून झालं.

“ते नंतर बघू,” बाबा म्हणाले. “आत्ता तू राक्षस आहेस.”

पाच पन्नासला तिने खुर्ची ओढून पाहिली. पीटी मास्तर हलले नाहीत. सहा वाजले. चिंगी थंड चहाच्या कपाशेजारी बाहेरच फरशीवर बसली.

मला जाग आली ती सहा चाळीसला. पाळणा रिकामा! धावत दाराशी गेले तर बाळ बाहेर बापाच्या कडेवर हसत होतं. ते उठून, बुटक्या पाळण्यातून उतरून रांगत खुर्चीखालून गेलं होतं. आत येणाऱ्याला अडवायचं, बाहेर जाणाऱ्याचं नियमात काही नाही, असं बाबांचं म्हणणं. सकाळचं वाक्य नवऱ्याने परत म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

फॉर्म बंद झाला होता. पहारेकऱ्यापुढची जागा कोरीच. मी तरीही पुस्तकवाल्यांना पत्र पाठवलं, “पहारेकरी, नको इतका बलवान. दोन जणींना अकरा महिन्यांनी पहिल्यांदा एकदम झोपवलं.” उत्तर नाही. चिंगी माझ्याशी नवऱ्यामार्फत बोलते, आणि तिचं काही चुकत नाही.

बाबा मात्र रोज दोनच्या ठोक्याला उंबऱ्यात खुर्ची टाकतात. नेमणारा राजा मेलाय, त्यांना सोडवणार कोण? खरं तर चिंगी एका मिनिटात नवा राजा बसवेल. तिची माफी मागून मी फक्त “बसव” म्हणायचं आहे. मी अजून म्हटलेलं नाही.

म्हणून तुम्हाला विनंती. दोन ते चारच्या मध्ये आमच्या बाजूला आलात, तर बेल न वाजवता जरा डोकावून जा. बाबांनी पाणी प्यायलंय का, पाय अवघडलेत का, तेवढं विचारा. ते पाण्यालासुद्धा उठत नाहीत, आणि मला बघता येत नाही.

मी झोपलेली असते.