यकृत संरक्षणाची नस्ती

आवक-जावक विभागातल्या वरिष्ठ कारकुनाच्या यकृतावर थोडी चरबी साठल्याचं तपासणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, तळलेलं कमी करा, तीन महिन्यांनी या."

इतका सरळ उपाय ऐकून कारकुनाला अपमान वाटला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही काम असं सहजासहजी होऊ दिलं नव्हतं. घरी येऊन त्याने यकृताच्या नावे नस्ती उघडली आणि समितीही नेमली. वनस्पतिशास्त्र शिकून फरशांच्या दुकानात बसणारा मेहुणा तज्ज्ञ सदस्य झाला.

"भावोजी, भुईआवळा घ्या. तुमच्या दारातच उगवलाय."

"दारातला? मग गुण कसा येणार?"

मेहुण्याने तत्काळ एका परदेशी काटेरी झाडाच्या बियांतलं सिलिमरिन सुचवलं. उच्चारताना जीभ अडखळली, म्हणून ते एकमताने मंजूर झालं. त्याने मळमळू लागलं, म्हणून हळद. हळद अंगी लागावी म्हणून मिरी. मिरीने जळजळ झाली म्हणून ज्येष्ठमध. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढला म्हणून पुनर्नवा. पुनर्नवेमुळे दर वीस मिनिटांनी मोरीकडे पळावं लागे. ते डॉक्टरांनी सांगितलेल्या चालण्यात धरलं गेलं.

एके सकाळी बायकोने चहाचा मसाला समजून नस्तीत नव्याने दाखल झालेलं कडूजहर काडेचिराइताचं चूर्ण चहात घातलं. पहिल्याच घोटाला तिचे डोळे पांढरे झाले.

"अहो, यकृत तुमचं असेल, चहा माझा होता!"

तीन महिन्यांनी डॉक्टर अहवाल पाहून उडालेच. "आकडे तिप्पट! घेता तरी काय?"

कारकुनाने दोनशे पानांची नस्ती अभिमानाने सादर केली. डॉक्टरांनी ती चाळून कपाळ पुसलं. "अहो, तीन महिने तुमचं यकृत बिचारं या संरक्षकांनाच निस्तरतंय. सगळं बंद!"

"म्हणजे... आलेलं सगळं तपासून पुढे पाठवत होतं? एकटंच?"

"एकटंच. रजा न घेता."

कारकुनाला हुंदका फुटला. असा सहकारी त्याला उभ्या नोकरीत भेटला नव्हता. त्याच संध्याकाळी तो चालायला लागला, आणि बायकोने सगळे डबे कचऱ्यात टाकायला बाहेर काढले.

ते कचऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत. शेजाऱ्यांनी जिन्यातच झडप घातली. त्यांना काहीएक झालेलं नव्हतं. होऊ नये म्हणून घेत होते. पुनर्नवेवरून तर दोन निवृत्त मुख्याध्यापकांत झोंबाझोंबी झाली.

हसा खुशाल. पण मघापासून पोटावर जो हात ठेवलाय, तो जरा सरकवा. यकृत उजवीकडे असतं.