कोंबड्याच्या तुऱ्याचा अहवाल

१९३८ साली बेळगावातल्या एका प्रयोगशाळेत रोज सकाळी दोन कोंबड्यांचे तुरे मोजले जात. मोजमाप लिहून ठेवणे माझ्याकडे होते.

त्याचे कारण असे. वडगावचे यल्लाप्पा बारा वर्षे साड्यांचे सूत रंगवत होते. मूल नव्हते, म्हणून घरच्यांनी त्यांचे दुसरे लग्न काढले. तेव्हा त्यांची बायको मालुबाई अर्ज घेऊन आली: रंगामुळे पुरुषत्वाला बाध येतो का, ते तपासावे. निकालापर्यंत लग्न थांबले.

पुरुषावर प्रयोगाची तरतूद नव्हती. पुरुषत्व उतरले की कोंबड्याचा तुरा आखडतो, असे विलायती पुस्तकात होते. म्हणून कोंबडे आणले.

दीड महिन्यात रंगाचे पाणी पिणाऱ्या कोंबड्याचा तुरा निम्म्यावर आला. त्याने आरवणे सोडले. साध्या पाण्यावरचा दुसरा कोंबडा सगळ्या आळीला उठवत होता.

निकाल समितीपुढे गेला. समितीत पाच गृहस्थ. अध्यक्ष मारुतीराव, रंगांचे व्यापारी. आकडे ऐकताना पाचही जणांनी आपापले फेटे चाचपले.

"कोंबड्याला नावं ठेवण्याआधी त्याची कोंबडी तपासली का?" मारुतीरावांनी विचारले.

रंगाचे पाणी पिणाऱ्या कोंबड्याला कोंबडी नव्हती. सांबऱ्याहून एक आणली. तिने अंडी उबवली. पिल्लू एकही निघाले नाही. निष्कर्ष: कोंबडी सदोष. शिफारस: कोंबड्यास दुसरी कोंबडी द्यावी.

मालुबाई दाराशी उभी होती.

"अण्णा, कोंबड्याचं ऱ्हाऊ द्या. ह्यांचंच बघा की एकदा."

"बाई, माणसावर प्रयोग करता येत न्हाय," मारुतीराव समजुतीने म्हणाले.

"व्हय? मग बारा वर्सं मला मुळ्या पाजल्या, पोटावर डागलं, ते काय हुतं?"

हे कोणत्या रकान्यात लिहावे ते मला कळेना. म्हणून लिहिले नाही.

यल्लाप्पांनी अहवालाची नक्कल घरी नेली. नंदगडची मुलगी पक्की झाली. मालुबाईची पाठवणी कणकुंबीला, माहेरी झाली; जाताना सदोष कोंबडीही तिच्याच हवाली केली. लग्नाचे जेवण चांगले होते. आम्ही सगळे गेलो होतो.

पावसाळ्यानंतर कणकुंबीहून कार्ड आले. शेजारच्या कोंबड्याच्या संगतीत त्या कोंबडीने नऊ पिल्ले काढली होती. कार्ड फायलीला लावले आहे.

अहवालाच्या शेवटी नेहमीची ओळ आहे: वाचणाऱ्याची हरकत असल्यास कळवावी. पुष्कळांनी वाचला. आता तुम्हीही वाचलात. हरकत अजून एकही आलेली नाही.