गेबहार्ट नावाची पाटी

सासरेबुवांना 'नाही' म्हणायचं नाही, फक्त त्यांच्या नावाची बदनामी शोधून काढायची, असं मी ठरवलं. (माणूस भित्रा असला की त्याला असेच उपाय सुचतात.)

त्यांचं नाव गेबहार्ट. होणाऱ्या नातवाचंही तेच असावं, हा त्यांचा हट्ट. नातूच होणार याबद्दल त्यांना शंका नव्हती, स्वतःला तीन मुली असूनही. त्यातली धाकटी लिओनी माझी बायको. ती म्हणाली, "माझ्या पोराला शाळेत सगळे आजोबा म्हणून चिडवतील. बाबांना तूच सांग."

मी सुतार. नववीनंतर शाळा सोडलेली. तरी दोन शनिवार गावच्या वाचनालयात बसलो, एखादा दरोडेखोर गेबहार्ट सापडेल म्हणून. सापडले ते एक संत बिशप, आणि सत्तरी उलटल्यावर घोड्यावर बसून नेपोलियनशी लढायला गेलेले एक सेनापती. शेवटी एक कामाचा मिळाला: कोलोनचा आर्चबिशप गेबहार्ट. आग्नेस नावाच्या बाईसाठी त्याने कॅथलिक पंथ सोडला, लग्न केलं, त्यावरून युद्ध पेटलं आणि गादी गेली.

रविवारच्या जेवणात मी हे वाचून दाखवलं. सासरेबुवांनी काटा खाली ठेवला. डोळ्यांत पाणी.

"बायकोसाठी गादी सोडली. अरे मोरित्झ, हा तर मीच."

"टीव्हीसमोरची खुर्ची एकदा सोडून दाखवा," रस्सा वाढत सासूबाई म्हणाल्या.

पण सासरेबुवा आता थांबणार नव्हते. त्यांनी मला लाकडी करकोचा करायला सांगितला. मूल झालं की आमच्याकडे अंगणात करकोचा उभा करतात, चोचीत बाळाच्या नावाची पाटी. जन्माआधी पाटी कोरू नये, हे सुताराला तरी ठाऊक असायला हवं. मला होतं. तरी कोरली, ओकच्या लाकडात, चांगली बोटभर खोल.

मुलगी झाली.

इस्पितळात सासरेबुवा बराच वेळ पाळण्यात बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गादीपेक्षा जी मोठी ठरली, त्या बाईचं नाव काय रे?"

"आग्नेस."

"चालेल," लिओनी म्हणाली, आणि विषय संपला.

पाटी जाळवेना, म्हणून माझ्या कामाच्या शेडवर ठोकली. काल एका गिऱ्हाईक बाईंनी मला विचारलं, "गेबहार्ट मिस्त्री आहेत का आत?" मी सासरेबुवांना बोलावून आणलं. त्यांनी शुक्रवारपर्यंत बारा खुर्च्या कबूल केल्या आणि मला आत जाऊन लाकूड कापायला सांगितलं.