संडासाशेजारचा मास्टर

सर्व्हरच्या खोलीतल्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि वायऱ्याने ती चष्मा पुसून पुन्हा वाचली.

‘मास्टर सापडला : प्रिंटर, दुसरा मजला, संडासाशेजारी.’

वायऱ्या या कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. कामाला लागून तीन वर्षं झाली, तरी अजून ‘तात्पुरता’च होता. त्याला कायम करण्याचं पत्र साहेबांनी म्हणे केव्हाच प्रिंटला पाठवलं होतं. विचारलं की म्हणायचे, "निघेल रे!" आज मात्र त्यांनी शब्द दिला होता. रक्त तपासणाऱ्या लॅबच्या डॉक्टरीणबाई, आपले रिपोर्ट या सर्व्हरांवर ठेवायचे की नाही ते ठरवायला, वायऱ्याचं नवं काम बघायला येणार होत्या. त्यांना ते पटलं, की पत्र हातात.

काम तसं साधं होतं. एकमेकांना जोडलेले चार सर्व्हर. एक मास्टर, बाकीचे स्लेव्ह. मास्टरने सांगायचं, बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. मास्टर कोण, हे आजवर माणसाला ठरवावं लागे. वायऱ्याच्या प्रोग्रॅममुळे ते यंत्रं आपणच ओळखणार होती. खूण एकच : बाकीचे सगळे ज्याच्यासाठी ताटकळतात आणि जो कुणालाही उत्तर देत नाही, तो मास्टर. फक्त हा शोध चार सर्व्हरांपुरता ठेवायचं वायऱ्या विसरला. प्रोग्रॅमने अख्खं ऑफिस धुंडाळलं. आणि अख्ख्या ऑफिसात त्या प्रिंटरइतकं कुणी कुणाला ताटकळवलं नव्हतं.

"आता काय?" साहेब दातओठ खात कुजबुजले. डॉक्टरीणबाई शेजारीच उभ्या होत्या.

"चारही सर्व्हर प्रिंटरच्या हुकमाची वाट बघतायत."

"आणि प्रिंटर?"

"तो काही बोलत नाही, साहेब."

"मग प्रोग्रॅम थांबव ना!"

"त्याला मास्टरची परवानगी लागते. सुरक्षिततेसाठी मीच तसं लिहिलंय."

"प्रिंटर बंद कर!"

वायऱ्या धावत वर जाऊन प्रिंटर बंद करून आला. पडद्यावर मघाशी खात्री एक्क्याण्णव टक्के होती, ती आता नव्याण्णव झाली होती.

"बंद केल्यावर तो आणखीच उत्तर देईना," वायऱ्याने खुलासा केला. "त्यामुळे त्याचा दरारा वाढला."

"वायर उपटून टाक!"

वायर उपटली. शंभर टक्के. एसीने मान टाकली आणि मुख्य दाराचं कुलूप खट्कन लागलं. तेही आता वरून हुकूम येण्याची वाट बघत होतं.

"म्हणजे माझ्या पेशंटांचे रिपोर्ट संडासाशेजारच्या प्रिंटरच्या मर्जीवर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तात्पुरते, मॅडम," साहेब म्हणाले.

"तात्पुरता मी आहे," वायऱ्या पुटपुटला.

आता उपाय एकच होता. काहीही करून प्रिंटरला बोलतं करायचं. वायऱ्याने वर जाऊन वायर पुन्हा लावली आणि टायपिस्ट मावशींना हाक मारली.

"दोन वर्षं घसा कोरडा करतेय, आत कागद अडकलाय म्हणून!" मावशी विणकामाची सुई घेऊनच आल्या. "तर म्हणे, तक्रार लेखी द्या. लेखी देते म्हटलं, तर म्हणे, प्रिंट काढून द्या!"

त्यांनी प्रिंटरच्या पोटात सुई खुपसली, एक धपाटा घातला आणि चुरगळून बाजाच्या भात्यासारखा झालेला एक कागद ओढून काढला. प्रिंटर खोकला. मग दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं भडाभडा ओकू लागला. त्यात केव्हाच निवृत्त झालेल्या कॅशिअरचा रजेचा अर्ज होता आणि खुद्द प्रिंटरविरुद्धची मावशींची तक्रार तीन प्रतींत होती.

वायऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. चुरगळलेला कागद त्याने मांडीवर सपाट केला होता. ‘आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे.’ तारीख दोन वर्षांपूर्वीची.

पत्र घेऊन तो खाली आला, तेव्हा सगळे पडद्यापुढे जमले होते.

‘जुना मास्टर उत्तर देऊ लागल्याने पदावरून दूर. नव्या मास्टरचा शोध चालू.’

सगळे आणखी पुढे सरकले.

‘मास्टर सापडला : साहेबांचा मोबाईल. न दिलेली उत्तरं : चार हजार एकशे बारा. खात्री : शंभर टक्के.’

साहेबांची छाती फुगली. "बघा मॅडम! याला म्हणतात अचूक ओळख!"

"अचूक आहे खरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातले सतरा मेसेज माझेच आहेत. काम तुम्हाला देते. पण हा मुलगा इथे कायम राहणार असेल, तरच."

"राहणार म्हणजे काय! आता राहिलाच समजा!"

साहेबांच्या मोबाईलवरून एकदाचे हुकूम सुटले, सर्व्हरांचे दिवे हिरवे झाले, दार उघडलं. डॉक्टरीणबाई दाराकडे निघाल्या. वायऱ्याने पत्र दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं.

"साहेब, एवढी सही राहिलीय फक्त."

साहेबांनी एकदा पत्राकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या आपल्या पदाकडे पाहिलं. मोबाईल त्यांनी पालथा करून ठेवला.

"टेबलावर ठेव. बघतो."

चारही सर्व्हरांचे दिवे पिवळे झाले. दाराचं कुलूप खट्कन लागलं. डॉक्टरीणबाई दारातून मागे फिरल्या, पर्स खाली ठेवली आणि वायऱ्याशेजारची खुर्ची ओढून बसल्या.