खडूची फुली

मन लवचिक करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा बायको नुसती हसली.

तिचंही बरोबर आहे म्हणा. खुर्च्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं मी तपासनीस आहे. खुर्ची हलवायची, वर बसून बघायचं, कुरकुरली की पाठीवर मधोमध खडूची फुली. चालली परत दुरुस्तीला! तीच सवय घरी आली. चहा नापास, शेजारी नापास, मेहुण्याचं हसणंसुद्धा नापास. शेवटी रक्तदाब चढला आणि डॉक्टर म्हणाले, "कुणालाही पास-नापास करायचं नाही. जीभ वळवळली की मनात म्हणायचं, असंही असू शकतं."

मुलीने लगेच संधी साधली. "बाबा, रविवारी तो घरी येतोय. आधीच्या दोघांना तुम्ही दारातूनच पळवलंत. याला काही बोललात तर मी परस्पर लग्न करून मोकळी होईन! आणि तो खिशातला खडू आधी इकडे द्या."

मी खडू दिला. मुलीच्या लग्नाला आपणच नाही, हे कसं चालेल?

रविवारी मायलेकी केक आणायला गेल्या आणि बेल वाजली. दारात एक आडदांड गडी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, बुटांसकट थेट आत!

असंही असू शकतं, मी मनात म्हटलं.

"बाथरूम कुठंय?"

"डावीकडे. आपलंच घर समजा!"

आतून ठोकाठोकी ऐकू आली. डोकावून बघतो तर भावी जावई नळ उपटतोय!

"जुना झालाय. काढून टाकतो."

"काढा, काढा! जुन्याला कवटाळून बसण्यात काय अर्थ आहे?"

तेवढ्यात कारंजं उडालं. पाणी बैठकीपर्यंत आलं. त्याने मुख्य चावी बंद केली. "सामान घेऊन येतो," म्हणत तो निघाला. मला गहिवरून आलं. मी त्याचे दोन्ही हात धरले. "माझी मुलगी तुमच्या पदरात घातली!"

तो जो धूम पळाला, तो परत फिरकलाच नाही.

मग बायकोचा फोन. "अहो, सांगायचं राहिलं. प्लंबरला बोलावलंय. आला का?"

म्हणजे मी मुलगी प्लंबरच्या पदरात घातली! पुन्हा बेल! दारात इस्त्रीच्या शर्टातला एक सडपातळ तरुण. दुसरा प्लंबर! आठवडाभर दाबून ठेवलेले सगळे शेरे एकदम बाहेर पडले.

"ही यायची वेळ? आणि हा काय अवतार? लग्नाला आलायस? धर ती बादली!"

"काका, मी..."

"मी-बी काही नाही! आधी फरशी पूस!"

बिचारा निमूट पुसायला बसला. अर्धी खोली झाली आणि मायलेकी आल्या. मुलीच्या हातातला केक पडता पडता वाचला.

"बाबा! हा फरशी का पुसतोय?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो मात्र फडकं पिळत शांतपणे म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या घरी अशीच पद्धत असेल. असंही असू शकतं ना."

"पास!" मी ओरडलोच. "मुलगा पास! एकदम पास!"

"कुणी कुणाला पास करायचं, ते आम्ही ठरवू," मुलगी म्हणाली. पण हसली, आणि माझी पाठ थोपटून त्याला केक द्यायला गेली. माझा जीव भांड्यात पडला.

रात्री शर्ट काढला, तर पाठीवर खडूची ही मोठी फुली!

मधोमध होती पण. अगदी नियमाप्रमाणे. फुली पास!