भात सोडलेल्याचा तुळाभार

प्रकरण पहिलं: भरगच्च

वजन उतरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! खोटं वाटत असेल तर आमच्या डिचोलीच्या ऑफिसात दत्तारामला विचारा. दत्ताराम स्वतः वेताच्या काठीसारखा, त्यामुळे आहाराच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. माझ्याच डब्यातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाता खाता त्यानं मला मंत्र दिले. भात म्हणजे विष. फळ म्हणजे हवा. कोकमानं चरबी कापली जाते. घाम म्हणजे वितळलेली चरबी. आणि रात्री जेवतो तो राक्षस!

मला घाई होती. पेडण्याकडच्या आमच्या गावात, देवळाच्या वर्धापनदिनाला माझा तुळाभार ठरला होता. एका पारड्यात मी, दुसऱ्यात नारळ. मी लहान असताना आईनं बोललेला हा नवस, आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलेला. आता तो फिटल्याशिवाय तिला चैन नव्हती. अंगणात आमच्याच माडांच्या नारळांचा ढीग रचून ती रोज त्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि सुस्कारा सोडायची.

"आई, काळजी नको! पारड्यात फणस नाही, शेवग्याची शेंग बसणार!"

"बसशीत रे. पण पारडा उठाक व्हया मरे!"

प्रकरण दुसरं: भाताचं

भात बंद.

(प्रकरण संपलं. बघा, किती बारीक झालं!)

प्रकरण तिसरं: रात्रीचं

रात्रीचं बंद आहे.

प्रकरण तिसरं, पण सकाळी

रात्रभर उपाशी राहिलेला माणूस सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकतो तेव्हा त्याचं काय होतं, ते पोदेरालाच ठाऊक! पण मी पाव घेत नव्हतो. कोंड्याची पोई घ्यायचो. कोंड्यानं कोणी जाडं होतं का? म्हणून पाच. सोबत पातळ भाजी. भाजीच ती!

दुपारी फक्त फळं. म्हणजे आंबे, आणि फणसाचे गरे. मे महिन्यात देवानं दुसरं ठेवलंय काय? संध्याकाळी रेनकोट घालून पळायचो. ऐन उन्हाळ्यात रेनकोट! बायका दारात येऊन आधी माझ्याकडे आणि मग आभाळाकडे बघत. घरी आलो की चरबी कापायला तांब्याभर सोलकढी. आई नारळ फोडून दाट रस काढायची, मी प्यायचो आणि पुन्हा तांब्या पुढे करायचो.

आणि गुण आला! सुरुवातीला मी न्हाणीतून ओल्या पायांनी काट्यावर चढायचो, तर बायको, संजना, वैतागली. "अहो, सगळी लादी भिजवलीत!" तिनं काटा उचलून काथ्याच्या जाड पायपुसण्यावर ठेवला. दुसऱ्याच दिवशी वजन धाडकन खाली! एका रात्रीत! मी ओरडत अंगणात आलो.

"आई, एवढे नारळ कशाला? कमी कर ढीग!"

"नक्की मरे?"

"काटा खोटं बोलतो?"

सखाराममामाच्या घरी लग्न होतं. आईनं तिकडे पोतीच्या पोती नारळ पाठवून दिले.

प्रकरण चौथं: यात मी मावत नाही

सभामंडप खचाखच! दत्तारामही आला होता, आपला चेला बघायला. मी पारड्यात मांडी घातली. पारडं जमिनीला टेकलं, आणि तुळई कण्हली.

समोर नारळ पडू लागले. पडले, पडले, संपले!

मी जागचा हललो नाही. नारळांचं पारडं माझ्या डोक्याच्या उंचीवर निवांत झुलत होतं.

आईनं रिकामं पोतं उलटं करून झटकलं. "आता काय करू रे? देवाक काय सांगू?" मला पहिल्यांदाच खरोखरीचा घाम फुटला. चरबी मात्र जागच्या जागी!

"दत्ताराम!" मी ओरडलो. दत्ताराम खांबाआड गेला. तो कुठल्याही खांबाआड मावतो.

"अहो," संजना कानाशी आली. "तो काटा पायपुसण्यावर होता. मऊ जागेवर कमीच दाखवतो ना?"

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तुम्ही इतके खूश होता!"

"अर्धे नारळ ह्येनाच प्यालेत!" आईला तेवढ्यात आठवलं. "भांडीच्या भांडी कढी!"

मग शेजारची सरस्वतीकाकी उठली आणि घरून दोन नारळ घेऊन आली. तिच्यामागून अख्खी वाडीच उठली. कोणी सोललेले, कोणी शेंडीचे, कोणी देवापुढे वाढवायला आणलेले! प्रत्येक नारळाला टाळी. अखेर मी हवेत उचलला गेलो. आईनं हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझे... असो.

प्रकरण शेवटचं: गाऱ्हाणं

देवळाचे मानकरी सगुणदादा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. नवस नेमका कशाचा होता, ते मी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, नोकरीचा असेल.

"बा देवा म्हाराजा! ह्यो रुद्रेश ल्हान आसताना काडयेसारखो होतो. काय खाल्ल्यार आंगाक लागा नाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव.

"आवशीन तुका सांगणा केला, पोराच्या आंगार मांस चढांदे, त्येच्या वजनाचे नारळ तुज्या पायार घालतंय. तां तू मान्य करून घेतलंस..."

"व्हय म्हाराजा!!"

म्हणजे हे वजन भाताचं नव्हतंच! नवस फिटेना, म्हणून देव बिचारा थांबेना!

मी पटकन हात जोडले. आता तरी पुरे, देवा. तेवढ्यात दादांनी आवाज चढवला.

"आता ही सेवा रुजू करून घे, आणि आजपातूर जशी वाढ केलंस, तशीच दर वर्सा ह्येची वाढ करीत ऱ्हव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!!" देऊळ दणाणलं. सगळ्यांत मोठा आवाज आईचा.

दुसरा माझा. सवयीनं तोंडातून निघून गेलं हो!